सामायिक नोंदवहीत नवी नोंद आली की गटाच्या चॅटवर आपोआप कसं कळवायचं?

राईतला_वारा

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचा आंबा बागायतदारांचा एक गट आहे. गूगल शीटमध्ये सगळ्यांची मिळून एक नोंदवही आहे आणि ती भरायला गूगल फॉर्म. कुठल्या वाडीत तुडतुडे वाढले, फुलकिड्यांवर कोणत्या फवारणीचा किती दिवसांनी फरक पडला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातलं आपल्याला लागू काय, फळपीक विम्याच्या अर्जाला कुठला कागद कमी पडतो, असं सगळं त्यात येतं. लिहिणारे मनापासून लिहितात. घोडं अडतं ते वाचण्याशी. आपण होऊन शीट उघडणारे फार थोडे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्याची नोंद चार दिवस कोणी बघितलीच नाही, तर तिचा उपयोग संपला. तोवर चिकटा पडून मोहोर काळा व्हायला लागलेला असतो.

म्हणून नोंद पडली की गटाच्या चॅटवर आपोआप संदेश जावा असं मनात आहे. गट व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, पण टेलिग्रामवर जायचीही बहुतेकांची तयारी आहे. आमच्यात संगणकाचा माणूस नाही, पुतण्या पुण्याहून सुटीत येतो तेव्हा तो हातभार लावेल.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक नोंदीला संदेश गेला पाहिजे. कुठली महत्त्वाची आणि कुठली नाही हे ठरवणारे आपण कोण? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

झिलगो_कुडाळ

पयली ती सकाळची फुलां नि सुविचार बंद करूक लावा. मगे नोंदी दिसतत की नाय बघा.

मीरा_चिपळूण

वारा, व्हॉट्सअ‍ॅपचा विचार आधी बाजूला ठेवा. साध्या गटात बाहेरच्या प्रोग्रामने आपोआप संदेश टाकायची अधिकृत सोय तुम्हाआम्हाला नाही. व्यवसायांसाठी त्यांची वेगळी सेवा आहे, पण तिथे नोंदणी, आधी मंजूर करून घेतलेले संदेशांचे साचे आणि पैसे असा सगळा कारभार आहे. इंटरनेटवर अनधिकृत जुगाड मिळतात. ते चालतातही, पण लक्षात आलं की ज्या नंबरावरून संदेश जातात तो बंद करतात. ऐन एप्रिलात तुमचा गिऱ्हाइकांचा नंबर बंद पडला तर किती पेट्या अडकतील ते तुम्हीच बघा.

टेलिग्रामवर हेच काम फुकट आणि राजरोस होतं. तिथे बॉटफादर नावाचं खातं आहे. त्याच्याशी बोलून नवा बॉट (आपोआप संदेश टाकणारं खातं) काढायचा, तो एक लांबलचक टोकन, म्हणजे त्या बॉटची किल्ली, देतो. बॉटला गटात सभासद करून घ्यायचं आणि गटाचा चॅट आयडी शोधायचा. गटाचा आयडी उणे चिन्हाने सुरू होतो, ते चिन्ह गाळू नका. मग शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडायचं. तिथे पंधरा-वीस ओळींचं एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, पुरतं: नवी ओळ वाचायची, तिचा संदेश बनवायचा, टेलिग्रामच्या सेंडमेसेज पत्त्यावर पाठवायचा. शेवटी डावीकडच्या घड्याळाच्या चित्रावर जाऊन 'फॉर्म सबमिट झाल्यावर' असा ट्रिगर, म्हणजे फंक्शन कधी आपोआप चालावं ती खूणगाठ, जोडायचा.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. फंक्शनला ऑनएडिट असं नाव दिलं की ट्रिगर न जोडताही ते शीटमधल्या बदलावर चालतं, पण या साध्या प्रकाराला बाहेरच्या पत्त्यावर काही पाठवायची परवानगी नसते. संदेश जात नाही आणि का जात नाही तेही कळत नाही. म्हणून ट्रिगर हाताने जोडायचा. दुसरं म्हणजे ट्रिगर ज्याच्या खात्यातून जोडाल त्याच्या नावावर चालतो. पुतण्याच्या खात्यातून जोडलात आणि उद्या त्याने ते खातं बंद केलं, तर तुमचे संदेशही बंद. गटाच्या नावाने वेगळं जीमेल खातं काढा आणि सगळं त्यातूनच करा. काही बिघडलं तर गूगलचं बिघाडाचं पत्रही त्याच खात्यावर येतं, ते बघणारं कोणीतरी असू द्या.

हर्णैचा_तांडेल

मीराताईंनी जोडणी सांगितली, मी पुढचं सांगतो.

आम्हा मच्छीमारांना हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला मिळतो. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघतात आणि मासळी कुठे जमण्याची शक्यता आहे ते काढतात. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, असं सगळं त्यात असतं. आकाश ढगाळ असलं की उपग्रहाला दिसत नाही आणि सल्लाही येत नाही.

आमच्या गटातल्या एका पोराने हा सल्ला चॅटवर आपोआप पडायची सोय केली. काम छान केलं होतं त्याने. पण पट्टा निवडलाच नव्हता. हर्णैच्या माणसाला वेंगुर्ल्याचं आणि डहाणूचंही रोज येऊन पडायचं. सुरुवातीला सगळे वाचायचे, मग एकेकाने गट म्यूट केला. आणि एक दिवस उंच लाटांचा इशारा आला, तोही त्याच म्यूट केलेल्या गटात. नशीब, त्या दिवशी बहुतेक बोटी बंदरातच होत्या.

त्यामुळे प्रत्येक नोंदीला संदेश या तुमच्या मताशी मी अजिबात सहमत नाही. प्रत्येक आवाजाला वळून बघायचं म्हटलं तर माणूस काही दिवसांनी वळायचंच सोडतो. आता आमच्याकडे फक्त जवळच्या पट्ट्याचा सल्ला येतो आणि लाटांचे इशारे वेगळ्या गटात जातात. तिथे दुसरं कोणीही काहीही लिहायचं नाही. तो गट कोणी म्यूट केलेला नाही.

राईतला_वारा

तांडेल, तुमचा मुद्दा समजला, पण तुमच्याकडे माहिती रोज येते. आमच्याकडे आठवड्यात दहा-बाराच्या वर नोंदी नसतात. एवढ्याने कोण कंटाळेल?

वेंगुर्ल्याची_काजू

मी कंटाळा हा मुद्दाच बाजूला ठेवते. मला चुकीच्या नोंदीची जास्त भीती वाटते.

आमच्या काजू गटात ढेकण्यावरच्या फवारणीची एक नोंद आली होती. औषधाचं प्रमाण लिहिलं होतं, पण ते किती लिटर पाण्याला ते लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनात मोठी टाकी होती आणि वाचणाऱ्यांनी पाठीवरचा पंप धरला. नोंद शीटमध्ये पडून राहिली असती तर दोघांनी वाचली असती. चॅटवर गेल्यामुळे तासाभरात सगळ्यांकडे पोचली आणि तिथून आणखी चार गटांत. दुरुस्ती मागाहून गेली, पण ती पुढे पाठवायच्या फंदात कोण पडतं? पालवी करपली एकदोघांची.

आंब्याचं तर आणखी अवघड. ते औषध आंब्यासाठी नोंदणीकृत आहे का, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, माल निर्यातीला जाणार असेल तर अवशेषांचं काय, हे बघितल्याशिवाय फवारणीची नोंद गटावर जाताच कामा नये. कागदावर लिहिलेली चूक कपाटात राहते, आपोआप संदेशात गेलेली चूक लोकांच्या पंपात जाते.

तुमच्या गटात कृषी पदवीधर किंवा जुनी जाणती माणसं असतीलच. त्यांच्यातल्या दोघातिघांनी बघितल्यावरच संदेश जाऊ दे.

खाडीकाठ

काजूताईंना शंभर टक्के अनुमोदन.

मास्तर_गुहागर

मी जरा वेगळंच म्हणणार आहे. मुळात यंत्राने कळवायची गरज आहे का?

आमचा शिक्षकांचा गट आहे. पाठांची टिपणं, प्रश्नसंच, बोलीभाषेतल्या मुलांना प्रमाण मराठीकडे कसं न्यायचं याचे अनुभव, असं आम्ही एका फोल्डरमध्ये ठेवतो. आधी तिथेही आपोआप संदेशाची सोय होती. 'नवी फाइल जोडली गेली' एवढं यायचं आणि खाली फाइलचं नाव. कोणी उघडत नसे. आता दर गुरुवारी एक जण आठवड्यातलं सगळं वाचतो आणि स्वतःच्या शब्दांत गटावर लिहितो: अमक्या बाईंनी अपूर्णांक शिकवायला करवंटीचे तुकडे वापरलेत, चौथीच्या वर्गाला जरूर करून बघा. आता लोक उघडतात, विचारतात, आपली भर घालतात. माणसाने हाक मारली की माणूस ओ देतो.

टिकटिक

मास्तर, तुमचा गुरुवारचा माणूस लग्नाला गेला की काय करता?

मास्तर_गुहागर

शुक्रवारी लिहितो. शाळेत चालतं.

राईतला_वारा

आमच्याकडे नाही चालत, मास्तर. भुरीला शुक्रवार माहीत नसतो. रात्री गारठा, सकाळी दव आणि दुपारी ऊन असं दोनतीन दिवस झालं की ती मोहोरावर पसरते. शिवाय हंगामात हे काम अंगावर घेणारा माणूस मिळायचा नाही, ज्याला कळतं तो तेव्हा बागेतच असतो.

पण काजूताईंचं म्हणणं मला पटायला लागलंय. फवारणीच्या नोंदी तरी तपासूनच जायला हव्यात. फक्त मग वेळ जाईल त्याचं काय? तपासणारा दिवसभर बागेत, फोन खिशात, नोंद आली हे त्याला तरी कसं कळणार?

सुरंगी

वारादादा, तुमच्या या प्रश्नातच उत्तर आहे की! आपोआप संदेश सगळ्या गटाला नको, आधी तपासणाऱ्यांना जाऊ दे.

तारकर्ली-देवबाग भागात आमचा घरगुती निवास चालवणाऱ्या बायकांचा गट आहे. पाहुण्यांच्या नोंदणीचे नियम, पाण्याचे खेळ कधी बंद राहणार, गॅसच्या सुरक्षिततेची माहिती, कुठल्या पाहुण्यांनी काय मागितलं आणि आपण काय दिलं, असं आम्ही लिहून ठेवतो. कोणी फॉर्म भरला की आम्हा तिघींच्या छोट्या गटात लगेच संदेश येतो, तोही आवाज करून. त्यात पूर्ण नोंद असते. आमच्यातली जी मोकळी असेल ती वाचते, काही कमी असेल तर लिहिणारीला फोन करते आणि शीटमधल्या 'तपासलं' या चौकोनात खूण करते. खूण झाली की मगच मोठ्या गटाला संदेश जातो. अर्ध्या तासाच्या वर सहसा लागत नाही.

आणखी एक सांगते. आमच्या बऱ्याच जणींचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. त्यामुळे संदेशाची पहिली ओळ हीच खरी बातमी. 'नवीन नोंद जोडली गेली आहे, पाहण्यासाठी इथे टिचकी मारा' हे वाचून कोणी काही करत नाही. 'उद्यापासून स्नॉर्कलिंग बंद, पाहुण्यांना आजच सांगा' असं लिहिलं की काम होतं. दुवा खाली असला काय, नसला काय.

मीरा_चिपळूण

सुरंगीताई, फार सुंदर रचना केलीत. वारा, तुम्ही हेच करा. जोडणीत फार फरक पडत नाही.

शीटमध्ये दोन रकाने वाढवा, 'तपासलं' हा चौकोनाचा आणि 'पाठवलं' हा वेळेचा. दोन ट्रिगर लागतील. फॉर्म आला की छोट्या गटाला संदेश, हा पहिला. शीटमध्ये बदल झाला की बघायचं, खूण आहे आणि 'पाठवलं' रिकामं आहे अशी ओळ सापडली की मोठ्या गटाला संदेश आणि 'पाठवलं' मध्ये वेळ लिहायची, हा दुसरा. तो वेळेचा रकाना फार मोलाचा आहे. तपासणाऱ्याने खूण काढून पुन्हा केली तरी तोच संदेश दुसऱ्यांदा जात नाही. दोघांनी एकाच क्षणी खूण केली तर दोनदा जाऊ शकतो, त्यासाठी अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये लॉकसर्व्हिस आहे, पुतण्याला सांगा.

एक बारकावा. बदल झालेल्या एका चौकोनाची किंमत वाचून लगेच संदेश पाठवणारी उदाहरणं जागोजागी मिळतात. कोणी चार चौकोन एकदम ओढून भरले की ती किंमत रिकामी येते आणि चारही नोंदी तशाच राहतात. म्हणून प्रत्येक वेळी सगळ्या न पाठवलेल्या ओळी बघायच्या. तुमच्या शीटच्या आकाराला याचा काही भार होत नाही.

आणि टोकन गुप्त ठेवा. ज्याच्या हातात टोकन, तो बॉटच्या नावाने काहीही लिहू शकतो. शीटला चिकटलेली स्क्रिप्ट शीटमध्ये बदल करायची परवानगी असलेल्या प्रत्येकाला दिसते. तेव्हा ती परवानगी फक्त तपासणाऱ्यांना द्या, बाकीच्यांना शीट नुसती वाचता येऊ दे, आणि त्यांना तिची प्रत काढता येणार नाही असं सेटिंग करा, कारण प्रतीबरोबर स्क्रिप्टही जाते. लिहायला त्यांच्याकडे फॉर्म आहेच.

पडवीतला_पंखा

लाईट गेली तर? आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा.

मीरा_चिपळूण

स्क्रिप्ट गूगलच्या सर्व्हरवर चालते, तुमच्या गावातल्या लाईटचा तिच्याशी संबंध नाही. संदेश टेलिग्रामकडे जाऊन थांबतो, फोनला रेंज आली की पडतो. खूण करायला मात्र तपासणाऱ्याच्या फोनला इंटरनेट हवं, म्हणून तिन्ही तपासणारे एकाच वाडीतले नकोत.

टिकटिक

रत्नागिरीत आमची छोटी सॉफ्टवेअर टीम आहे, त्यामुळे हा विषय रोजचा. आम्ही आधी स्लॅकवर होतो. तिथे इनकमिंग वेबहूक मिळतो, म्हणजे एक पत्ता, ज्यावर मजकूर पाठवला की तो ठरलेल्या चॅनलमध्ये उमटतो. नंतर आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर मॅटरमोस्ट घेतलं, तिथेही तशीच सोय आहे. आमची माहिती बुकस्टॅक नावाच्या विकीवर असते. तिला वेबहूक पाठवता येतो आणि कुठल्या घटनेला पाठवायचा तेही निवडता येतं.

इथेच खरी मेख आहे. नवं पान, पानात बदल, टिप्पणी, पान हलवलं, सगळ्यालाच खूण केली की चॅनल ओसंडून वाहतं. एखादा जण पान लिहिताना दर दोन मिनिटांनी जतन करतो आणि तेवढ्या वेळा सगळ्यांचे फोन वाजतात. आम्ही फक्त 'नवं पान' ठेवलं. जुन्या पानात मोठा बदल झाला तर लिहिणारा स्वतः चॅनलवर दोन ओळी लिहितो: काय बदललं आणि कोणी वाचायलाच हवं. मास्तरांचं म्हणणं मला इथे पटतं. नवं आलं हे यंत्र सांगू शकतं, जुन्यातलं काय बदललं आणि का, हे माणसानेच सांगावं.

आणि कृपा करून ज्ञान चॅटमध्ये साठवू नका. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत. टेलिग्राममध्ये राहतात, पण लग्नाच्या पत्रिकांमध्ये शोधत बसावं लागतं. चॅट कळवायला, शीट ठेवायला. कोणी चॅटवर चांगलं उत्तर दिलं की त्याला लगेच म्हणायचं, 'हे फॉर्ममध्ये टाका'. आमच्याकडे हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं.

झिलगो_कुडाळ

माका एक सांगा, ह्या सगळा करून आंबो लवकर पिकतलो काय?

वेंगुर्ल्याची_काजू

पिकणार नाही रे झिला, पण फळमाशीने सडणार तरी नाही! गेल्या वर्षी आमच्याकडे एकीने वेळेवर लिहिलं म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावले. विद्यापीठाचा तो रक्षक सापळा, आत मिथाईल युजेनॉल. त्याला नर माश्या येतात. एकट्याने लावून शेजारच्या बागेत काही नसेल तर फारसा उपयोग होत नाही, सगळ्यांनी एकदम लावले की फरक दिसतो. अशा गोष्टींसाठी सगळ्यांना एकाच वेळी कळणं फार मोलाचं आहे.

झिलगो_कुडाळ

ह्या पटला. सापळे खंय मिळतत ता लिवा.

वेंगुर्ल्याची_काजू

व्यक्तिगत निरोप करते, इथे धागा भरकटेल.

हर्णैचा_तांडेल

भरकटू दे की थोडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आम्हाला धागे वाचायलाच वेळ असतो.

खाडीकाठ

तांडेलांनी इशाऱ्यांचा गट वेगळा ठेवला ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझ्या फोनवर पाच गट वाहत होते. कुठल्या भागात किती पाणी आहे, बोट कुठे आहे, औषध कुठे मिळेल, हे सगळं त्यातच होतं. आणि त्याच गटांत जुन्या पुराचे फोटो, प्रार्थना, कुठल्यातरी धरणाच्या अफवा. कामाची ओळ शोधेपर्यंत फोनची बॅटरी उतरत होती.

तेव्हापासून माझा हट्ट आहे. माहितीच्या नोंदी आणि जिवाचे इशारे एका गटात ठेवायचे नाहीत. कितीही शिस्तीचा गट असला तरी. वारा, तुमच्या नोंदवहीत वादळाची नोंद येईलच. निसर्ग आणि तौक्ते दोन्ही आपण बघितलीत, २०२० आणि २०२१ लागोपाठ. ती नोंद कशी पाठवायची ते आजच ठरवून ठेवा.

राईतला_वारा

खाडीकाठ, तुमचं वाचून थांबलो. वादळानंतर झाडं कशी उभी करायची, मोडलेल्या फांद्यांना काय लावायचं, पंचनाम्यासाठी फोटो कसे काढायचे, हे आमच्या नोंदवहीत आहे. पण वादळ येतंय हे सांगायची जागा ती नव्हे. इशाऱ्यांचा वेगळा गट करतो, त्यात फक्त हवामान खात्याचं जसंच्या तसं.

आता माझं मत बदललंय ते लिहितो. प्रत्येक नोंदीला आवाज करणारा संदेश हा हट्ट सोडला. पण सगळ्या नोंदी सगळ्यांपर्यंत पोचाव्यात हा सोडलेला नाही. आमच्यात अल्पभूधारक आहेत, करारावर बागा घेणारे आहेत. मोठ्या बागायतदाराला जी नोंद किरकोळ वाटते ती त्यांच्या कामाची असू शकते. तपासणाऱ्यांनी 'हे काय पाठवायचं' म्हणून एखादी नोंद दाबून ठेवावी असं मला नको आहे. याला काही उपाय?

मीरा_चिपळूण

आहे. तपासणाऱ्यांनी ठरवायचं ते एवढंच की फोन वाजवायचा की नाही. पाठवायचं की नाही हे त्यांच्या हातात नको.

टेलिग्रामला संदेश पाठवताना 'डिसेबल नोटिफिकेशन' असा पर्याय देता येतो. संदेश गटात पडतो, पण फोन वाजत नाही. तुमच्या शीटमध्ये 'तातडीचं' असा आणखी एक चौकोन ठेवा. त्यात खूण असेल तर लगेच, आवाजासकट. नसेल तर संध्याकाळी सगळ्या तपासलेल्या नोंदी एकत्र, आवाज न करता. त्यासाठी वेळेचा ट्रिगर लागतो. त्यात संध्याकाळी सात ते आठ अशी तासाभराची खिडकी मिळते, नेमकं मिनिट मिळत नाही. एका संदेशात ४०९६ अक्षरं मावतात, त्याहून जास्त झालं तर स्क्रिप्टने दोन तुकडे करायचे.

चुकीचं प्रमाण लिहिलेली नोंद मात्र दुरुस्त होईपर्यंत थांबलीच पाहिजे. तीन दिवस कोणी खूण केली नाही तर छोट्या गटाला पुन्हा आठवण जाऊ दे. दाबून ठेवायला जागाच उरत नाही.

मास्तर_गुहागर

आणि संध्याकाळच्या संदेशात प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव जरूर घाला. यंत्राने पाठवलं तरी हाक माणसाची वाटू दे. एवढं केलंत तर माझा विरोध मागे.

सुरंगी

मास्तर, नाव घातल्यावर आमच्याकडे लिहिणाऱ्या वाढल्या. आपलं नाव गटावर येतं याचा आनंद कोणाला नसतो?

वेंगुर्ल्याची_काजू

फॉर्ममध्येच प्रश्न नीट करा म्हणजे तपासणाऱ्यांचं काम हलकं होईल. 'किती औषध' आणि 'किती लिटर पाण्याला' असे दोन वेगळे रकाने, दोन्ही सक्तीचे. कोणत्या किडीवर, झाड कोणत्या अवस्थेत (पालवी, बोंगे, मोहोर, कणी, सुपारी), फवारणीची तारीख, फरक कधी दिसला. आणि 'हे मी स्वतः केलंय' की 'कोणाकडून ऐकलंय' हा प्रश्न हवाच हवा. संदेशातही तो शब्दशः जाऊ दे.

टिकटिक

फॉर्मच्या सुरुवातीला 'एका ओळीत सांगा' असाही रकाना ठेवा. तीच संदेशाची पहिली ओळ. सुरंगीताई म्हणतात ते यंत्राला आपणहून जमणार नाही, लिहिणाऱ्याकडूनच ती ओळ मागून घ्यायची.

राईतला_वारा

मंडळी, पुतण्या गणपतीला आला होता. त्याने मीराताईंनी सांगितल्याप्रमाणे जोडून दिलं. तिघे तपासणारे ठरले, तिघे तीन गावांतले. पहिली नोंद करारावर बाग घेणाऱ्या एका तरुणाची होती. कल्टार (मोहोरासाठीचं संजीवक) घातलेल्या कलमांना खताची मात्रा कशी दिली त्याबद्दल. एरवी तो मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्या रात्री गटावर त्याला इतके प्रश्न आले की त्याने शेवटी बांधावर येऊनच बघा म्हणून सांगितलं, आणि लोक गेले.

आता एक अडचण. दोन दिवस सगळं सुरळीत होतं. मग मी गटाच्या सेटिंगमध्ये जाऊन नव्या सभासदांना जुने संदेश दिसतील असं केलं. त्यानंतर मोठ्या गटावर एकही संदेश नाही. छोट्या गटावर येतात. शीटमध्ये 'पाठवलं'ची वेळ मात्र पडतेय.

मीरा_चिपळूण

त्या सेटिंगमुळे तुमचा साधा गट सुपरग्रुप झाला आणि त्याचा चॅट आयडी बदलला. आता तो उणे १०० ने सुरू होणारा लांब आकडा असेल. स्क्रिप्ट जुन्या आयडीवर पाठवतेय, टेलिग्राम ते नाकारतंय, आणि नकाराच्या उत्तरातच नवा आयडी कळवतंय. स्क्रिप्टच्या 'एक्झिक्युशन्स'मध्ये जाऊन बघा, ते उत्तर नोंदवून ठेवलं असेल तर तिथेच मिळेल. तेवढा आकडा बदला.

पण वेळ पडतेय याचा अर्थ पुतण्याने टेलिग्रामचं उत्तर न बघताच 'पाठवलं' लिहायला लावलंय. त्याला सांगा, उत्तरात 'ओके' खरं आलं तरच वेळ लिहायची. नाहीतर उद्या दुसऱ्या कारणाने संदेश अडला तरी शीटमध्ये सगळं आलबेल दिसेल. त्यातलंच एक कारण आत्ताच सांगते. मजकूर ठळक करायला मार्कडाऊन चालू केलं असेल आणि कोणी नोंदीत सुटी चांदणी किंवा अधोरेखा लिहिली, तर टेलिग्राम अख्खा संदेश परत पाठवतो. साधाच मजकूर पाठवा.

राईतला_वारा

आयडी बदलला, आला संदेश! अडकलेल्या नोंदींच्या वेळा पुसल्या आणि एक खूण काढून पुन्हा केली, तर सगळ्या एकदम गेल्या. 'ओके' बघायचं पुतण्याला फोनवर सांगितलंय, आज रात्री करतो म्हणाला.

तांडेल, तुमच्या पोराला विचाराल का, हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यातला आमच्यापुरता भाग काढून शीटमध्ये आपोआप आणता येईल का?

हर्णैचा_तांडेल

विचारतो. तो म्हणेल आणता येईल. पण तुमच्या तिघांपैकी एकाने वाचल्याशिवाय पुढे सोडू नका, एवढं आत्ताच ठरवा.

राईतला_वारा

तोही फॉर्मच्याच रस्त्याने येईल, खुणेशिवाय पुढे जाणार नाही.